एक स्टेशन अलीकडे कन्याकुमारी

चिंतामणराव टिपणिसांच्या घरी पाहुणा येत नसे. पाहुणा न येणारी घरं अंबरनाथ पूर्वेला काही कमी नव्हती, पण बाकीच्यांना त्याचं सुख होतं. टिपणिसांच्या फाटकावर मात्र 'पर्यटकांसाठी सरकारमान्य घरगुती निवास' अशी पाटी होती. त्यामुळे यांच्याकडे कोणी येत नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येत होतं.

त्या सुमारास सरकारला पर्यटनाचा उमाळा आला होता. देशभर माणसांनी फिरावं, परक्यांनी यावं, आपल्यांनी जावं, आणि हॉटेलं पुरत नसतील तर गृहस्थांनी आपल्या घरातली एक खोली पाहुण्याला द्यावी, अशी योजना पेपरात आली. ती वाचून पेपर घडी करून ठेवणारे हजारो. चिंतामणरावांनी अर्ज केला. काड्यापेटीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली होती. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी यायला हवं, असं त्यांना वाटायचं. आणि पत्नी सुनेत्राबाई गेल्यापासून घरात रिकाम्या जागेशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. भाऊबंद होते ते लग्नपत्रिकेपुरते.

खात्याचे साहेब येऊन खोली बघून गेले. न्हाणीघर जोडून आहे, आरसा आहे, पिण्याचं पाणी झाकलेलं आहे, हे सगळं त्यांना पसंत पडलं. "आणि एक," ते म्हणाले, "ही खोली घरच्या माणसांनी वापरायची नाही. ती पर्यटकांसाठीच हवी."

"घरची माणसं वापरणार नाहीत," चिंतामणरावांनी सांगितलं. घरची माणसं म्हणजे ते स्वतःच. ते तेव्हापासून पुढच्या खोलीत दिवाणावर निजू लागले.

मान्यता दोन वर्षांची होती. तेवढ्या काळात एकही पाहुणा उतरला नाही तर ती संपणार होती. चिंतामणरावांना त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. गावात हजार वर्षांचं शिवमंदिर, लांबलांबून लोक बघायला येतात. दोन वर्षांत एक माणूस उतरणार नाही?

लोक येत. मंदिर बघत, फोटो काढत, नारळपाणी पीत आणि मुंबईला परत जात. तिथे मुक्काम कशाला करायचा हे त्यांना कळत नसे, आणि खरं म्हणजे चिंतामणरावांनाही सांगता येत नसे. एकदा मंदिराच्या आवारात भावनगरच्या एका कुटुंबाशी त्यांनी बोलणं काढलं. शिल्पं समजावून सांगितली, मग हळूच म्हणाले, "आज राहा की आमच्याकडे." कुटुंबप्रमुखानं बायकोला जवळ ओढलं, पाकिटावर हात ठेवला आणि "फिर कभी" म्हणत स्टेशनची वाट धरली.

"नाना, अशान कुनी येतं का?" चांगुणा म्हणाली. चांगुणा बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची, दोन वेळचं करून जायची. "पोरी पळवनारं पन असंच गोड बोलतात."

"मी पोरी पळवणारा दिसतो?"

"दिसत नाय. म्हनून तर जास्ती भ्या वाटत."

ती रोज त्या खोलीचा केर काढी. जिथे कोणी चालत नाही तिथे केर कुठून येतो, हे तिला कोडं होतं. पलंगावरची चादर आठवड्याला बदलली जाई. न वापरलेली चादर धुवायची, वाळवायची आणि पुन्हा न वापरण्यासाठी घालायची, असं दीड वर्ष चाललं. पुढे पावणेदोन झालं.

मग मे महिन्यात, रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही अशा दुपारी, फाटकाची कडी वाजली. बाहेर एक माणूस उभा होता. हातात सुटकेस, डोक्यावर छत्री, आणि छत्री इतकी खाली ओढलेली की फक्त हनुवटी दिसत होती.

"पर्यटक ठेवता ना आपण?" हनुवटीनं विचारलं.

"ठेवतो म्हणजे काय," चिंतामणराव म्हणाले आणि पुढे त्यांना सुचेना. हा क्षण त्यांनी इतक्या वेळा घोकला होता की आता त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. "कुठून आलात?"

"आत आल्यावर सांगू का?"

आत आल्यावर, छत्री मिटल्यावर, पाणी प्यायल्यावर त्यानं सांगितलं. रघुनाथ शिंत्रे. सरकारी नोकर, मुंबईत कचेरी. राहायला बदलापूर.

"बदलापूर?" चिंतामणरावांना वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. "म्हणजे पुढचं स्टेशन?"

"पुढचंच."

"मग इथे पर्यटनाला?"

शिंत्र्यानं सुटकेस खुर्चीखाली सरकवली. चाळिशीचा, सरळ नाकाचा, खोटं बोलताना कान लाल होणारा माणूस. सरकारी नोकरीत या कानांनी त्याचा निभाव कसा लागला, कोण जाणे. "मी कन्याकुमारीला गेलोय," तो म्हणाला.

मग उलगडा झाला. सरकार आपल्या नोकरांना देश बघायला पाठवतं. रजा देतं, कुटुंबासकट प्रवासाचं भाडं देतं. एलटीसी म्हणतात त्याला. देश बघून माणसाचं मन मोठं होतं, असा सरकारचा हिशेब. शिंत्र्याला आधी घर मोठं करायचं होतं. बदलापूरच्या दोन खोल्यांवर पत्रे होते, तिथे त्या भाड्याच्या पैशांतून स्लॅब टाकायचा होता. कचेरीत हे सगळेच करत. एक बसवाला खोटी तिकिटं आणि पावत्या देई. त्याच्या बसमधून वर्षाला कितीतरी माणसं काश्मीर ते कन्याकुमारी जाऊन येत आणि बस गॅरेजच्या बाहेर निघत नसे. गेलेल्या माणसानं फक्त एक पथ्य पाळायचं. परत येईपर्यंत कोणाला दिसायचं नाही. कोणी सासरी दडे, कोणी वांगणीला मित्राच्या शेतघरात. मागच्या वर्षी एकजण श्रीनगरला असताना कल्याणच्या भाजीबाजारात दुधी निवडताना दिसला, त्याची अजून चौकशी चालू होती.

"बायको-मुलं चिपळूणला माहेरी आहेत," शिंत्रे म्हणाला. "माझं सासऱ्याशी दिवाळीपासून बोलणं नाही. तुमच्यासारख्या घरांची यादी आमच्या कचेरीत लागली होती. कर्मचाऱ्यांनी प्रवासात अशा घरी उतरावं म्हणून."

सरकारच्या परिपत्रकाचा कुठे उपयोग झाला असेल तर तो इथे.

"पण एका स्टेशनावर? लांब कुठे जायचं होतंत."

"लांब आमचे लोक भेटतात. लोणावळ्याला तर निम्मी कचेरी असते." शिंत्र्यानं पहिल्यांदा जरा शहाणपणानं बघितलं. "बदलापूरची माणसं रोज अंबरनाथवरून जातात. उतरत कोणी नाही."

यात तथ्य होतं. चिंतामणरावही पंचवीस वर्षांत बदलापूरला उतरले नव्हते.

"फक्त एक आहे," शिंत्रे म्हणाला. "माझं नाव कुठे लिहायचं नाही."

पाहुण्याचं नाव लिहायचं, गाव लिहायचं आणि खात्याला कळवायचं, हाच तर त्या मान्यतेचा प्राण. पावणेदोन वर्षांनी एक पाहुणा आला होता आणि तो जमेला धरता येत नव्हता. चिंतामणरावांनी त्याच्याकडे पाहिलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि बसला होता तोही खुर्चीच्या कडेवर, कोणी ऊठ म्हणेल तर सोपं जावं असा.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

चांगुणानं त्या दिवशी संध्याकाळी दोन ताटं वाढली. तिला काहीतरी सांगणं भाग होतं. "चोरी करून आलाय का?" तिनं स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"नाही गं. सरकारी नोकर आहे."

"मंग इच्यारलं त्यात चुकलं काय?"

पाहुणा बाहेर पडू शकत नव्हता, ही चिंतामणरावांना मोठी सोय झाली. असा पाहुणा मागून मिळत नाही. मंदिर दाखवायची त्यांची हौस होती, ती मात्र अडली. मग ते सकाळी स्वतः मंदिरात जाऊन येत आणि चहाच्या वेळी शिंत्र्याला एकेक भिंत सांगत. शिंत्रे मान डोलवी. पण त्याचं चित्त दुसरीकडे होतं. कामावर रुजू झाल्यावर लोक विचारणार, काय बघितलं? हेडक्लार्क खरोखरच जाऊन आलेला, कचेरीतला तो एकटाच. तो खोदून विचारत असे.

चिंतामणरावांनी वाचनालयातून पुस्तक आणलं. मग दोघांनी मिळून कन्याकुमारी केली. चिंतामणराव हेडक्लार्क व्हायचे.

"देवीच्या नाकात काय आहे?"

"चमकी. हिऱ्याची. म्हणे तिचा उजेड समुद्रातून दिसायचा."

"म्हणे कशाला म्हणता? पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. तुम्ही तिथे होतात."

"बरं. खडकावर होडीनं गेलो."

"होडीत कोणाला मळमळलं?"

शिंत्रे गोंधळला. "ते पुस्तकात नाही."

"म्हणूनच विचारतोय. प्रवासाला गेलेल्या माणसाला पहिलं हेच आठवतं. धाकटीला मळमळलं असं सांगा."

"धाकटीला मोटारीनंही लागतं," शिंत्रे म्हणाला आणि एकदम हसला. मग आपल्या दोन पोरींविषयी बोलत बसला. दिवे लागायची वेळ होऊन गेली तरी चिंतामणरावांनी दिवा लावला नाही. उठलं तर बोलणं थांबेल असं त्यांना वाटत होतं.

तिथून काही वस्तू आणायला हवी होती. चिंतामणराव त्यासाठी उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या एका सिंध्याच्या दुकानात शिंपल्यांचे दिवे, शिंपल्यांच्या बाहुल्या, शिंपल्यांचे मोर ओळीनं मांडलेले होते.

"साईं, कुठला देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"कन्याकुमारीचा आहे?"

"आहे ना. रामेश्वर आहे, द्वारका आहे, पुरी आहे. माल एकच, नाव बोला, पेंटर बसलाय. कन्याकुमारी मराठीत पाहिजे की इंग्लिशमध्ये?"

"तिथे कशात लिहितात?"

"तिथे पण इथूनच जातो, साईं."

चिंतामणराव मोर घेऊन आले. शिंत्र्यानं तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाला, "नाना, तुम्ही माझ्यासाठी फार करताय." त्या दिवसापर्यंत तो त्यांना 'साहेब' म्हणत होता. चिंतामणरावांनी हा फरक टिपला आणि टिपलाय असं दाखवलं नाही.

मग एका सकाळी खात्याचे साहेब आले. मान्यतेची मुदत संपत आली होती, म्हणून तपासणी. चिंतामणराव फाटकाशी पोचेपर्यंत साहेब व्हरांड्यात, आणि व्हरांड्यात त्यांचं 'बसा' म्हणून होईपर्यंत साहेब खोलीच्या दारात. आत शिंत्रे लुंगीवर, पलंगावर मांडी घालून पुस्तक वाचत होता.

"वा," साहेब खरोखर खूश झाले. सज्जन माणूस होता, पाटी उतरवायला त्यांनाही बरं वाटलं नसतं. "पाहुणे आहेत म्हणजे. मग काही प्रश्नच नाही. नाव लिहिलंय ना यांचं? दाखवा, सही करतो आणि निघतो."

शिंत्र्याचे कान लाल झाले नाहीत. पांढरे झाले.

आता एवढंच करायचं होतं. नाव सांगायचं. साहेब सही करणार, पाटी राहणार, पुढची दोन वर्षं फाटकाकडे बघायला कारण राहणार. आणि त्या कागदावरून, जायचं तिथे, कन्याकुमारीला गेलेला माणूस अंबरनाथला बसलाय हे जाणार. आज नाही तर उद्या. सरकारी कागद सावकाश चालतात, पण चालतात, हे स्टोअरमध्ये जन्म काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

"पाहुणा नाही," चिंतामणराव म्हणाले. "मुलगा आहे माझा."

साहेबांनी चष्मा वर केला. "मागच्या वेळी तुम्ही एकटेच राहता म्हणालात."

"एकटाच राहतो. हा बदलापूरला असतो."

"बदलापूरला? इतक्या जवळ? आणि त्याचं नावसुद्धा काढलं नाहीत?"

स्वयंपाकघराच्या दारातून चांगुणा पुढे आली. "जवल असून कवा येत नाय, सायेब," ती म्हणाली. "मंग काय नाव काडनार?"

साहेबांनी शिंत्र्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आता तपासणी नव्हती. "बरोबर नाही हे," ते म्हणाले. "तुम्हाला माझं बोलणं आवडणार नाही, पण मी वयानं मोठा आहे. एक स्टेशन. वडील इथे लोकांना घरात घ्यायला बघतायत, परक्या लोकांना. का, ते समजतं का तुम्हाला?"

"हो," शिंत्रे खाली मान घालून म्हणाला.

"येत जा. महिन्यातून एकदा तरी."

"येत जाईन."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

शिंत्र्यानं मान वर केली. "येत जाईन, बाबा," तो म्हणाला.

चिंतामणरावांनी उगीचच टेबलावरचा तांब्या सरळ केला. तो सरळच होता.

साहेबांनी चहा घेतला. जाताना फाटकाशी थांबून म्हणाले, "मला लिहावं लागेल, टिपणीस. पाहुणा एकही नाही, वर खोली घरचं माणूस वापरतंय. मान्यता राहणार नाही. पण खरं सांगू? बरंच झालं. तुम्हाला पाटीची गरज नाही आता."

शिंत्रे त्याच दुपारी निघाला. इथे आता राहणं धोक्याचं, असं तो म्हणाला. रजेचे उरलेले दिवस कसाऱ्याकडे एका मित्राकडे काढणार होता. राहण्याचे पैसे तो देऊ लागला तेव्हा चिंतामणराव म्हणाले, "घरच्या माणसाकडून घेत नाहीत." विनोद म्हणून म्हणाले. शिंत्रे हसला, वाकून पाया पडला, छत्री उघडली आणि हनुवटीपर्यंत खाली ओढली. "येतो, नाना. खरंच येणार. असं धरू नका की साहेबांसमोर बोललो."

मे संपला. खात्याचं पत्र आलं, पाटी उतरली. पावसाळ्यात चिंतामणरावांनी आपलं अंथरूण खोलीत हलवलं नाही. चादर बदलायची पद्धतही चालू राहिली.

"आता कोन येनार हाय?" चांगुणानं विचारलं.

"असू दे."

तिनं चादर झटकून पलंगावर घातली. पहिल्या दिवसापासून तिला चिंतामणरावांवर टोमणा मारायला काही ना काही मिळत असे. आता मिळत होतं तरी ती मारत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं. गणपतीत त्यांनी जरा जास्त मोदक करायला सांगितले. दसऱ्याला त्यांना आठवलं की स्लॅबचं काम पावसानंतरच निघतं, माणसाला सवड कुठली. दिवाळीत त्यांनी ठरवलं की आता सासऱ्याशी समेट झाला असेल, सगळे चिपळूणला गेले असतील. दुसऱ्याच्या वतीनं कारणं शोधण्यात माणसाचा वेळ बरा जातो.

कार्तिकात ते बदलापूरला गेले. नवा तांदूळ आणायला, असं चांगुणाला सांगितलं. नवा तांदूळ चांगुणाच दरवर्षी पाड्यावरून आणून देई. तिनं निमूट पिशवी काढून दिली.

बदलापूरला उतरून ते बाजारातून तीन-चार वेळा फिरले. घर कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि शिंत्र्यानं सांगितलं नव्हतं. पत्ता कुठे लिहायचाच नव्हता ना. ऊन उतरल्यावर, परत फिरायच्या बेतात असताना, केळेवाल्याच्या गाडीपाशी त्यांना ते सरळ नाक दिसलं. शेजारी बायको, दोन पोरी, आणि एक जाडसर शेजारीणबाई.

शिंत्र्यानंही पाहिलं. एक क्षण त्याचा चेहरा उघडा पडला, त्यात आनंद होता हे चिंतामणरावांनी शपथेवर सांगितलं असतं. मग त्यानं शेजारीणबाईंकडे पाहिलं.

"अरे, नाना," तो म्हणाला. "तुम्ही इकडे कुठे?"

"तांदूळ बघायला आलो होतो."

"कोण हो?" शेजारीणबाईंनी विचारलं. त्यांच्या यजमानांची कचेरी शिंत्र्याचीच असावी. विचारण्याची तऱ्हा तशी होती.

"हे... हे आम्हाला कन्याकुमारीला भेटले होते," शिंत्रे म्हणाला. त्याचे कान पेटले होते. "तिथे ओळख झाली."

बायकोनं झटकन चिंतामणरावांकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती बघतच राहिली, आपल्या नवऱ्याला ज्यानं जेवू घातलं तो माणूस असा दिसतो होय, अशी. पण तिलाही बोलता येईना.

"अगंबाई, हो का?" शेजारीणबाई म्हणाल्या. "आमचं पुढच्या वर्षी चाललंय. खरंच बघण्यासारखं आहे का हो?"

शिंत्रे चिंतामणरावांकडे बघत होता.

"आहे तर," चिंतामणराव म्हणाले. "तीन समुद्र एका जागी भेटतात. पाण्याचे रंग वेगवेगळे दिसतात. सकाळी लवकर उठावं लागतं, पण सूर्य अगदी पाण्यातून वर येतो. आणि खडकावर होडीनं जाताना पोटात काही ठेवू नका. यांच्या धाकटीला मळमळलं होतं."

"मला?" धाकटी म्हणाली. आईनं तिच्या हातात केळं दिलं.

"आणि तुमच्याबरोबर कोण होतं?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. एकटाच होतो."

"एवढ्या लांब? एकट्यानं करमलं?"

"करमलं," चिंतामणराव म्हणाले. "ही मंडळी होती ना."

शिंत्र्याच्या बायकोला राहवलं नाही. "घरी चला ना," ती म्हणाली. "इथून जवळच आहे. स्लॅब झालाय आमचा."

शेजारीणबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनाही यायचं होतं, हे उघड होतं. कन्याकुमारी अजून बरीच ऐकायची राहिली होती.

"अगं, त्यांना गाडी गाठायचीय," शिंत्रे घाईनं म्हणाला. "नाही का, नाना?"

"हो," चिंतामणराव म्हणाले. "गाडी गाठायचीय."

त्यांनी रिकामी पिशवी काखेत धरली आणि लगबगीनं स्टेशनकडे निघाले. संध्याकाळच्या वेळी अंबरनाथकडे एका पाठोपाठ एक गाड्या सुटतात, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना, अगदी धाकटीलासुद्धा, माहीत होतं.